उकिडव्यांच्या फळ्या

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी, दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मल्टिप्लेक्समध्ये सहा नंबरच्या पडद्यावर मुकुंद उकिडवे हे नाव आलं. ते चार सेकंद राहिलं. ते एकटं नव्हतं, पण त्याबद्दल पुढे. उकिडव्यांचं वय तेव्हा एकसष्ट होतं. हॉलिवूडमध्ये गाणी आणि पटकथा लिहू लागल्याला त्यांना सव्वीस वर्षं झाली होती आणि पडद्यावर त्यांचं नाव येण्याची ही पहिलीच वेळ होती.

थिएटरात आम्ही बासष्ट मराठी माणसं होतो. सिनेमा संपून दिवे लागले होते, तरी एकही जण उठला नव्हता. एडिसनच्या मराठी मंडळाला शिस्त लागल्याचं हे एकमेव उदाहरण असावं, आणि ती उकिडव्यांनी लावलेली आहे.

त्यांचा नियम असा, की शेवटचं नाव येईपर्यंत उठायचं नाही. नियम स्वतःपुरता ठेवला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण ते कायम रांगेच्या टोकाची खुर्ची धरतात, पाय पुढे करतात आणि आतल्या सगळ्यांना अडकवून ठेवतात. मंडळाने एकदा मराठी सिनेमाचा खेळ ठेवला होता. सिनेमा संपला, बाहेर बटाटेवडे गार होत होते आणि आमच्या रांगेतली अकरा माणसं उभ्या उभ्या उकिडव्यांच्या गुडघ्यांकडे बघत होती. उकिडवे मोठ्यांदा नावं वाचत होते. प्रकाश सहायक रमेश, शाबास रमेश. चहा-नाश्ता बबन, वा बबन. मागून कुणीतरी सुचवलं की मुकुंदराव, बबनचा नाश्ता झाला, आता आमचा होऊ दे. त्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, बबनने नाश्ता दिला नसता तर सिनेमा झाला असता का? आम्ही बसलो.

हे सिनेमापुरतंच नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर जेवायला गेलं की ते आचाऱ्याचं नाव विचारतात आणि हात धुतल्यावर भटारखान्याच्या दाराशी जाऊन त्या नावाने हाक मारून मगच निघतात. व्हर्जिनियात हर्नडनला एका लग्नाचा व्हिडिओ आम्हाला दाखवला गेला. वधू-वर, आई-वडील, मामा, सगळे दिसले. उकिडव्यांनी यजमानांना विचारलं की मांडव कुणी घातला. यजमानांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते शोधून काढलं आणि उकिडव्यांना फोन करून कळवलं. केव्हिन नावाचा माणूस होता.

त्यांच्या पत्नी नलिनीवहिनी नेमक्या उलट. पडद्यावर 'समाप्त'च्या आसपास काही दिसलं की त्या पर्स उचलतात. शेवट कळला ना, मग आता काय, असा त्यांचा सवाल असतो. नावं सुरू होण्याच्या आत त्या पार्किंगमध्ये असतात, गाडी चालू करून. त्या औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहेत. गोळ्यांचा प्रत्येक लॉट त्यांच्या सहीशिवाय कारखान्याबाहेर जात नाही आणि स्वतः तपासल्याशिवाय त्यांनी एकाही लॉटवर सही केलेली नाही. घरातही त्या कुरिअरवाल्याचा कागद पूर्ण वाचतात. कुरिअरवाले त्यांच्याकडे शेवटी येतात.

उकिडवे मूळचे सांगलीचे, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. न्यू जर्सीत एअर कंडिशनर बनवणाऱ्या कंपनीत होते आणि मंडळाच्या नाटकांना पदं लिहून देत. पस्तिसाव्या वर्षी ते लॉस एंजेलिसला पटकथालेखनाच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला गेले. ते अजून तिथेच आहेत. नोकरी सुटली, घराचे हप्ते आणि सगळ्यांचा आरोग्य विमा वहिनींच्या नोकरीवर होता, मुलगी रेवा तीन वर्षांची होती. म्हणून वहिनी एडिसनला थांबल्या आणि मुकुंदराव लॉस एंजेलिसशेजारच्या बरबँकला एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहिले. दर दोन-अडीच महिन्यांनी ते घरी येतात. परत निघताना अजूनही म्हणतात, "सहा आठवड्यांत येतो." सव्वीस वर्षांत हा आकडा बदललेला नाही.

निघताना वहिनींचंही एक वाक्य ठरलेलं. पोचलात की फोन करा. उकिडव्यांनी तो कधी केला नाही. त्यांचं उत्तर तयार असतं, "पोचलो नाही तर बातमी येईलच." मी पूर्वी पुण्यात एका दैनिकात बातम्यांच्या टेबलावर होतो, म्हणून हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणतात, जणू बातमी मीच देणार आहे.

हॉलिवूडमध्ये ते जे करत, त्याला ते स्वतः गाण्यांची प्लंबिंग म्हणत. कुठल्या तरी खारींच्या कार्टूनपटाचा तिसरा भाग निघायचा, चाल तयार असायची, पण शब्द गळायचे. मग स्टुडिओ उकिडव्यांना बोलवायचा. चार दिवसांत गळती बंद. करारात लिहिलेलं असे की नाव येणार नाही. पटकथांचं तेच. चांगल्या चाललेल्या दोन-तीन सिनेमांचा मधला अर्धा तास त्यांचा आहे, असं ते सांगत. कुठले, ते सांगत नसत. करारात तेही होतं. आम्ही तर्क करायचो. मधला अर्धा तास बरा असला की एडिसनमध्ये कुणीतरी हमखास म्हणायचं, हा मुकुंदरावांचा.

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. तिकडे बऱ्याचदा चाल आधी येते. खरे शब्द सुचेपर्यंत चालीत काहीतरी भरावं लागतं, म्हणजे कुठे किती अक्षरं बसतात ते कळतं आणि गायकाला कच्चं गाणं गाता येतं. कुणी ला-ला-ला भरतं, कुणी न्याहारीचे पदार्थ भरतं. उकिडवे मराठी भरायचे. त्यांचं म्हणणं, इंग्रजी भरलं की निर्माता त्याच्या प्रेमात पडतो आणि मग ते सुटत नाही. मराठीच्या प्रेमात बरबँकमध्ये कोण पडणार? या शब्दांना ते फळ्या म्हणत. स्लॅब घालताना खाली सेंटरिंगच्या फळ्या लावतात तशा. स्लॅब पक्का झाला की फळ्या काढायच्या.

कंपनीच्या कामाने मी एकदा तिकडे गेलो होतो, तेव्हा दोन दिवस त्यांच्याकडे उतरलो. त्यांच्या हातातलं घड्याळ तीन तास पुढे होतं, म्हणजे एडिसनच्या वेळेवर. मी विचारलं तर म्हणाले, बॅटरी बदलताना लावून घेईन. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रेकॉर्डिंगला नेलं. कार्टूनमधल्या खलनायकाचं गाणं होतं. काचेपलीकडे साडेसहा फुटी गायक उभा होता, आवाज तळघरातून यावा तसा. त्याने डोळे वटारले, मूठ आवळली आणि गायला, "गॅस बंद केलात का हो, दूध वर आलं बघा." दुसऱ्या कडव्यात रक्तदाबाची गोळी होती. संगीतकार हॅरीला भीतीने काटा आला, असं तो म्हणाला.

खोलीत भिंतीला लावून खोके रचले होते. प्रत्येक गाण्याची एक फाइल, फाइलमधल्या पहिल्या कागदावर फळ्या, त्यांच्या वर तारीख आणि वेळ. मी दोन-चार चाळल्या. कोथिंबीर, गीझर, रेवाच्या शाळेचा फॉर्म, लोकरीचे मोजे. माणसाला यापेक्षा बरं काही सुचत नसेल का, असं मला वाटलं. मी तसं बोललोही. उकिडव्यांनी फाइली परत जागेवर ठेवल्या.

त्यांची स्वतःची म्हणावी अशी एक पटकथा होती, अल्बाट्रॉस पक्ष्यांच्या जोडीची. हे पक्षी वर्षाचा बराचसा काळ एकेकटे समुद्रावर काढतात आणि ठरलेल्या बेटावर येऊन पुन्हा भेटतात. नऊ वर्षं उकिडवे ही गोष्ट घेऊन दारोदार हिंडले. अखेर एका स्टुडिओने ती घेतली आणि रिवाजाप्रमाणे दुसऱ्या लेखकाकडे दिली, मग तिसऱ्याकडे. सातव्या लेखकानंतर पटकथेला नाव कुणाचं द्यायचं याचा निवाडा झाला, त्यात पटकथेवरून उकिडव्यांचं नाव गेलं. त्यांच्याकडे उरलं ते सिनेमातलं एकुलतं एक गाणं. नर लांब निघतो तेव्हा मादी म्हणते ते. गाणं त्यांचं राहिलं तर 'गीत' या ओळीखाली त्यांचं नाव येणार होतं. या वेळी करारात तसं होतं. वय एकसष्ट, पुढचा सिनेमा दिसत नव्हता. जे व्हायचं ते या गाण्यात.

त्यांनी एकामागून एक चार इंग्रजी गाणी लिहिली. दिग्दर्शिकेने चारही परत केली. दरम्यान अर्धवट सिनेमा काही कुटुंबांना दाखवून बघायचा होता. पाचवं तयार नव्हतं, म्हणून हॅरीने, याही सिनेमाचं संगीत त्याचंच, तात्पुरतं फळ्यांचं रेकॉर्डिंग लावून दिलं. खेळ संपल्यावर मुलं बाहेर आली ती गातच. पार्किंगमध्ये, गाड्यांत, सीटबेल्ट लावताना, कळवा, कळवा, कळवा.

पूर्ण ध्रुवपद असं आहे:

पोचलात की फोन करा,
जेवलात का ते सांगा,
कळवा, कळवा, कळवा.

दिग्दर्शिकेने सांगितलं की हेच ठेवायचं. पक्ष्यांची अशी खास भाषा तयार केल्याबद्दल तिने उकिडव्यांचं अभिनंदन केलं आणि सबंध सिनेमासाठी तिचा शब्दकोश करून द्याल का, असं विचारलं. उकिडव्यांनी खुलासा केला की भाषा पक्ष्यांची नाही, नाशिककरांची आहे. नाशिक हे वहिनींचं माहेर.

इथवर सगळं छान होतं. मग स्टुडिओच्या वकीलबाईंकडून एक कागद आला. सिनेमात गेलेल्या प्रत्येक ओळीला तिकडे मालक लागतो. कागदावर छापलेलं होतं की हे शब्द माझी स्वतंत्र निर्मिती आहेत. खाली सही. उकिडव्यांनी सही केली नाही. कोऱ्या जागेत लिहिलं, वाक्यं माझी नाहीत, मी फक्त चालीत बसवली.

वकीलबाई हादरल्या. कुणाची मग? उकिडव्यांनी पत्नीचं नाव कळवलं. वकीलबाईंनी लगेच वहिनींच्या नावाचा दुसरा कागद काढला आणि मुदत घातली, शुक्रवार दुपारी बारा, लॉस एंजेलिसची वेळ. तोवर सही आली नाही तर ते गाणं काढून दुसऱ्या गीतकाराने लिहून ठेवलेलं इंग्रजी गाणं घालायचं आणि नाव त्याचं.

कागद ईमेलने एडिसनला आला. वहिनींनी तो नेहमीप्रमाणे पूर्ण वाचला. त्यात म्हटलं होतं की हे गीत मी लिहिलं आहे. वहिनींनी गीत लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सही केली नाही.

म्हणजे गुरुवारी परिस्थिती अशी होती की एका गाण्याला दोन गीतकार उपलब्ध होते आणि दोघांनीही ते आपण लिहिल्याचा इन्कार केला होता. वकीलबाईंनी असा पेच आपल्या कारकिर्दीत पाहिला नसल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे येणारे गीतकार एकमेकांची गाणी स्वतःची म्हणून सांगत.

रेवा आता कॅलिफोर्नियात सनीव्हेलला चिप डिझाइन करते. तिने ऑफिसच्या बसमधून बापाला फोन केला. "बाबा, जस्ट साइन इट. शी इज युअर वाइफ, शी वोन्ट सू यू." उकिडवे नाही म्हणाले. हॅरीने विनवलं, दिग्दर्शिकेने विनवलं, मीही फोनवर समजावून पाहिलं की दहा सेकंदांचं काम आहे, मुकुंदराव, आणि तुमचं नाव येतंय. तेव्हा ते जे म्हणाले ते मी उतरवून ठेवलं आहे.

"सव्वीस वर्षं माझी वाक्यं दुसऱ्यांच्या नावावर गेली. ते कसं लागतं, हे मला माहीत आहे. ते मी तिला करू?"

शुक्रवारी दुपारी, आमच्या वेळेने सव्वा वाजता, त्यांनी मला पुन्हा फोन केला. माझं घर त्यांच्या घरापासून पाचवं. म्हणाले, तुम्ही जा, ती माझं ऐकत नाही, तुमचा शब्द छापील असतो. गाण्याची फाइल त्यांनी माझ्या फोनवर पाठवली. मुदतीला पावणेदोन तास होते.

वहिनी घरूनच काम करत होत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि कशासाठी आलो हे ओळखून सांगितलं की सही होणार नाही. "मी हे बोलले असेन, भावजी. लिहिलेलं नाही. न केलेल्या कामावर मी सही करत नाही." मी विचारलं, गाणं ऐकलंय का? त्यांनी ऐकलेलं नव्हतं. उकिडव्यांनी त्यांना आजवर एकही फळी ऐकवली नव्हती, फळ्या नावाचा प्रकार असतो हेही सांगितलेलं नव्हतं.

मी फोन टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. अमेरिकन बाईचा आवाज, मागे फक्त पियानो. पोचलात की फोन करा. वहिनींनी लॅपटॉपचं झाकण लावलं. गाणं संपलं, त्यांनी बोटाने पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाल्या, हे मी म्हणते. मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं, हे एवढं एकच आहे का? मी बरबँकला पाहिलेल्या खोक्यांबद्दल सांगितलं, कोथिंबीर, गीझर, मोजे. किती खोके, हे त्यांनी विचारलं. मोजले नव्हते, पण भिंत भरली होती.

"पुरावा?" वहिनी म्हणाल्या.

मी उकिडव्यांना निरोप पाठवला. दहा मिनिटांत फोटो यायला लागले, एकामागून एक, फाइलींचे पहिले कागद. वहिनींनी चष्मा बदलला, वही घेतली आणि लॉट तपासावा तसे ते तपासायला बसल्या. प्रत्येक कागदावरची तारीख, वेळ, ओळ. वेळा सगळ्या एडिसनच्या होत्या. वहिनींचा फोन ठेवल्यावर उकिडव्यांनी तिकडे काय केलं, हे त्या कागदांवर होतं. रेवाला ताप आला होता त्या दिवसाचा कागद, गीझर फुटला त्या दिवसाचा, वहिनींच्या आई गेल्या त्या आठवड्यातला. वहिनी वहीत खुणा करत होत्या. हे माझं. हे माझं. हेही माझं. एका फोटोपाशी थांबून त्यांनी तो मोठा करून पाहिला. "दही विरजून झोपा. हे माझं नाही. हे आमच्या सासूबाईंचं." त्या ओळीपुढे त्यांनी फुली मारली.

शेवटचा फोटो सगळ्यात जुन्या फाइलीचा होता. कागद पिवळा पडलेला, वर सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख आणि लॉस एंजेलिसला पहिल्यांदा पोचल्याची संध्याकाळ. खाली एकच ओळ. ती आता सिनेमातल्या गाण्याची पहिली ओळ आहे.

वहिनींनी वही मिटली. मग उठून त्यांनी वकीलबाईंचा कागद छापून घेतला, 'लिहिलं आहे' हे शब्द पेनने खोडले, वर इंग्रजीत 'बोललं आहे' असं घातलं, दुरुस्तीशेजारी आद्याक्षरं आणि तारीख टाकली आणि सही केली. दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी मी तो स्कॅन करून पाठवला. लॉस एंजेलिसमध्ये अकरा एकेचाळीस झाले होते. वकीलबाईंचं उत्तर अकरा अठ्ठावन्नला आलं. दुरुस्ती मान्य होती.

तर तो नोव्हेंबरातला शनिवार. सिनेमा संपला, गाणं तिसऱ्यांदा वाजलं, मंडळाच्या पोराटोरांचं त्यावर ओरडून झालं. उकिडवे टोकाच्या खुर्चीवर, पाय पुढे. शेजारी वहिनी, पर्स मांडीवर. पार्किंगमध्ये त्यांची गाडी बंद होती, हे मी नंतर विचारून घेतलं. नावं सुरू झाली. उकिडवे नेहमीप्रमाणे मोठ्यांदा वाचत होते, पक्ष्यांची पिसं रंगवणाऱ्यांना शाबासकी देत होते. गीत या शब्दापाशी ते थांबले. त्यांना पुढचं वाचता येईना. चार सेकंद होते, त्यातले दोन गेले.

वहिनींनी वाचलं. आधी मुकुंद उकिडवे, मग नलिनी उकिडवे.

टाळ्या किती वेळ वाजल्या ते मी मोजलं नाही. दाराशी झाडू घेऊन उभा असलेला थिएटरचा माणूस आत येऊन काय झालं ते विचारून गेला. उकिडव्यांनी त्याचं नाव विचारून घेतलं. शेवटचं नाव येऊन पडदा काळा झाला, तेव्हा पाच वाजून एक मिनिट झालं होतं. मग आम्ही उठलो.

सोमवारी सकाळी मी उकिडव्यांना नेवार्कच्या विमानतळावर सोडलं. स्टुडिओने त्यांना दुसऱ्या सिनेमासाठी बोलावलं होतं, या वेळी नावासकट. घरातून निघताना ते वहिनींना म्हणाले, सहा आठवड्यांत येतो. वहिनी त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणाल्या. उकिडव्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बातमीचं न काढता ते गाडीत बसले.

विमान लॉस एंजेलिसला एडिसनच्या वेळेनुसार तीन वाजून आठ मिनिटांनी उतरलं. ते गेटला लागल्याची वेळ तीन एकवीस आहे. वहिनींनी मला त्यांच्या फोनवरची नोंद दाखवली. कॉल तीन वाजून नऊ मिनिटांनी आला होता.